ए. एस. कोनापुरे

"सर, हे सगळे तुमचेच ना?" ग्रंथपाल माहेनूरनं विचारलं आणि अनिलकुमार "हो" म्हणाला. तिची नजर पडद्यावर होती, बोट माउसवर, त्यामुळे हो म्हणताना त्याचा आवाज किंचित घसरला हे तिला कळलं नाही. पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि तिच्यापुढं प्रत्येक प्राध्यापकाचं संशोधन इंटरनेटवर नीट मांडलेलं दिसायला हवं, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. म्हणून गेला आठवडाभर माहेनूर एकेका प्राध्यापकाला ग्रंथालयातल्या कोपऱ्यात आपल्या शेजारी बसवून घेत होती. आधी ऑर्किड काढायचा, म्हणजे संशोधकाचा सोळा आकड्यांचा क्रमांक. मग लेखकाचं पान उघडायचं, त्यावर फोटो लावायचा, आपले प्रसिद्ध झालेले लेख शोधून त्यात ओढून घ्यायचे आणि शेवटी ही सगळी पानं एकमेकांना जोडून टाकायची. "नावं सारखी असतात सर, म्हणून नंबर," ती प्रत्येकाला समजावून सांगायची, तसं तिनं त्यालाही सांगितलं. रसायनशास्त्राचा विभागप्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यानं मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवले, फोटो दिला, आणि 'ए. एस. कोनापुरे' या नावावर चोवीस लेखांची यादी समोर आली. त्यातले तेवीस त्याचे होते. चोविसावा, खरं तर यादीत सगळ्यात वरचा, त्याचा नव्हता.

तो १९९४ सालचा होता. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या बासष्ट विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड. लेखकांत दोन नावं, ए. एस. कोनापुरे आणि महेश्वर सर. माहेनूरनं सगळ्या चौकटींत एका झटक्यात खूण केली आणि यादी त्याच्या फोटोखाली जाऊन बसली. "सर, हा तुमचा जुना पेपर तर लई चाललाय की," ती म्हणाली. "सदुसष्ट जणांनी आधाराला घेतलाय. आपल्या कॉलेजात एवढं कुणाचंच न्हाय." बाकीच्या तेवीसमधल्या कशालाही नऊच्या वर आकडा नव्हता. नऊ, सात, चार, दोन, आणि मग पुढं कोरी जागा. ते आकडे असे एकाखाली एक त्यानं पूर्वी कधी पाहिले नव्हते. तिला हे सांगावं, हा माझा नाही, चुकून आलाय, एवढी चार शब्दांची गोष्ट होती. पण ती आधीच पुढं गेली होती. हे पान त्या पानाला जोडलं, ते तिसऱ्याला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं ते 'हो' आपोआप उमटत गेलं. दुपारच्या चहापर्यंत प्राध्यापकांच्या ग्रुपवर निरोप आला होता की कॉलेजात सर्वाधिक संदर्भ दिले गेलेले संशोधक म्हणजे कोनापुरे सर, आणि त्याखाली टाळ्यांचे पिवळे हात.

घरी जाताना स्कूटर त्यानं नेहमीच्या रस्त्यानं नेली, पण सात रस्त्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागूनही तो उभाच राहिला आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला तेव्हा भानावर आला. ए म्हणजे अनिलकुमार, ए म्हणजे अक्षताही. एस म्हणजे दोघांचे वडील सिद्रामप्पा. अक्षता त्याची बहीण, चार वर्षांनी लहान. शाळेच्या वह्यांवर दोघांचं नाव इंग्रजीत असंच लिहिलेलं असायचं आणि वह्या अदलाबदल होऊन एकदा तिच्या गणिताच्या वहीला मिळालेला शेरा वडिलांनी त्याचा समजून चाटी गल्लीतल्या आपल्या कापडाच्या दुकानात सगळ्यांना दाखवला होता. तेव्हा सगळे हसले होते, अक्षतासुद्धा. त्या विहिरींच्या कामात तो एकदाच तिच्यासोबत गेला होता. तिचं एम.फिल. चालू होतं, हा तेव्हा कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. एसटीनं वळसंगच्या पुढं उतरून दोघं चालत गेले. तिच्या पिशवीत चिठ्ठ्या लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. विहिरीवरच्या बायकांशी ती कन्नडमध्ये बोलायची, कुणाच्या घरात काय शिजलं इथपासून, आणि मग पोरांना जवळ बोलवायची. काहीतरी वेडंवाकडं तोंड करून ती पोरांना हसवायची. हसली की पोरांचे दात दिसायचे. दातांवर फ्लोराइडचे तपकिरी डाग असले की अक्षता वहीत त्या विहिरीपुढं बारीकशी फुली करायची आणि हसतच राहायची, म्हणजे पोराला कळू नये. परत येताना एसटीत ती म्हणाली होती की यंत्र नंतर सांगतं, दात आधी सांगतात. तेव्हा त्याला तिचा हेवा वाटला होता. हेवा हा शब्द त्याला आत्ता, इतक्या वर्षांनी, सिग्नलवर सापडला. तेव्हा त्यानं त्या गोष्टीला ऊन लागलं असं नाव दिलं होतं आणि घरी येऊन डोकं धरून पडला होता.

बायकोनं, शिवलीलानं, ग्रुपवरचं ते कुणाकडून तरी ऐकलंच होतं. तिनं कौतुकानं विचारलं की एवढा मोठा पेपर कुठला, मला कधी बोलला नाहीत. जुना आहे, असं म्हणून त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. जुना आहे, हे खोटं नव्हतं. आपण सहसा खोटं बोलत नाही, असा त्याचा स्वतःविषयी समज होता आणि त्या समजाला धक्का लागू नये अशा बेतानं तो आयुष्यभर वाक्यं निवडत आला होता. त्या चौऱ्याण्णव सालीही. अक्षताचे मार्गदर्शक असलेल्या महेश्वर सरांकडं एका ट्रस्टची संशोधनवृत्ती होती, तीन वर्षांची, पीएच.डी.साठी. जागा एकच. भाऊबहीण दोघांनीही अर्ज केला, दोघांची मुलाखत झाली. घरात अक्कलकोटचं एक स्थळ येऊन थांबलं होतं. सिद्रामप्पांनी जेवताना सरळ सांगितलं होतं की पोरीची निवड झाली तर तीन वर्षं मी लग्नाचा विषय काढत नाही, नाही झाली तर होकार कळवतो. त्यांच्या वेळच्या माणसानं एवढं म्हणणं ही मोठीच गोष्ट होती. मग जूनमध्ये एका सकाळी टपाल आलं. पोस्टमनकडून पाकीट अक्षतानंच घेतलं. पाकिटावर टाइप केलेलं होतं, ए. एस. कोनापुरे. ती माडीवर आली, दोन्ही हातांनी ते पाकीट त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाली, "अण्णा, तुझं पत्र." त्यानं फोडलं. आत पहिल्या ओळीत नावाआधी 'कुमारी' असं लिहिलेलं होतं.

ती तोवर खाली गेली होती. वडिलांना वर्दी द्यायला. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आणि हातात तो कागद, यांच्यामध्ये जेवढा वेळ होता तेवढ्यात सगळं झालं. खाली वडील विचारत होते, झालं का रे, आणि यानं वरून सांगितलं की पत्र आलंय. पत्र आलंय, हेही खोटं नव्हतं. पेढे आले. अक्षतानं पेढा खाल्ला. संध्याकाळी तो महेश्वर सरांच्या घरी गेला आणि बहिणीचं लग्न ठरतंय, ती येणार नाही, असं म्हणाला. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, मग तू ये. आठवड्याभरात त्याच्या नावाचं नवं पत्र आलं, पहिलं त्यानं कॉलेजमागच्या ओढ्याकाठी उभं राहून फाडलं. अक्षताला तो एवढंच म्हणाला होता, "एकच जागा होती गं." तिनं मान हलवली होती. महिन्याभरात अक्कलकोटला होकार गेला. सर पुढच्याच वर्षी वारले. आणि मग वर्षं जाता जाता त्याच्या मनानं या सगळ्याची एक सोईस्कर घडी घालून ठेवली. अक्षताला ठाऊक होतं. इतकी हुशार पोरगी, तिला कळल्याशिवाय कसं राहील? म्हणून तर तिनं दोन्ही हातांनी पाकीट पुढं केलं, म्हणून तर 'तुझं' म्हणाली. तिनं ते दिलं आणि यानं ते घेतलं. राखीपौर्णिमेला ती ओवाळायची तेव्हा तिच्या शांत चेहऱ्यात त्याला ती माफी दिसायची. इतकी स्पष्ट दिसायची, की त्याबद्दल कधी बोलायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडल्या उघडल्या तो माहेनूरसमोर जाऊन बसला आणि म्हणाला की वरचा लेख माझा नाही. रात्रभर त्यानं या क्षणाची धास्ती घेतली होती, तिनं मात्र नुसतं "काढू की" म्हणून पान उघडलं. जोडलेली पानं असल्यामुळं एकेक ठिकाणी जाऊन वेगवेगळं काढावं लागतं, असं सांगत तिनं तीनही ठिकाणी तो लेख पुसला. पुसताच त्याच्या नावासमोरचे आकडे घसरून खाली आले. मग तिनं सहज विचारलं की हा लेख कुणाचा. बहिणीचा, असं तो म्हणाला. ती कुठं शिकवते, असं माहेनूरनं विचारलं. कुठंच नाही, अक्कलकोटला असते, तिच्या घरचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. माहेनूरनं खुर्ची त्याच्याकडं वळवली. "मग त्यांचाबी नंबर काढा की सर. सदुसष्ट म्हणजे थोडं हाय का? पण त्यांनाच काढावा लागेल. दुसऱ्याच्या नावानं आपण काढायचा नसतो." तिनं कसं करायचं ते एका कागदावर लिहून दिलं. ग्रुपवर दुरुस्तीचा निरोपही तिनंच टाकला. त्याला टाळ्या आल्या नाहीत, कुणी काही विचारलंही नाही. प्राचार्यांनी मात्र बोलावून घेतलं आणि अहवाल जाईपर्यंत थांबायचं होतं एवढंच म्हणून दुसरी फाईल ओढली.

रविवारी लॅपटॉप घेऊन तो अक्कलकोटच्या एसटीत बसला. कुंभारी कधी गेलं कळलं नाही, वळसंगही मागं पडलं. शिवारात ज्वारी निघून गेली होती आणि काळी माती भेगाळून पडली होती. आपण तिला काहीतरी द्यायला निघालो आहोत, असं त्याला वाटत होतं आणि त्या वाटण्यात एक जुनी, ओळखीची ऊब होती. स्टँडवर उतरल्यावर स्वामींच्या दर्शनाला आलेल्या लोकांच्या लोंढ्यातून वाट काढत तो बाजारपेठेत आला. दुकानात खतांच्या गोण्यांचा उग्र वास होता. अक्षता गल्ल्याशेजारी टेबलामागं बसली होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोरच्या बाकावर गुरप्पा नावाचा एक शेतकरी गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला. टेबलावर प्रयोगशाळेतून आलेल्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीचे कागद होते. "हे पाणी डाळिंबाला चालणार न्हाय," ती सांगत होती. "क्षार लई हायत. ठिबकची तोंडं बंद हुतील. आनि प्यायला तर आजाबात वापरू नका." गुरप्पानं दुसरा बोअर घेतल्याचं सांगितलं, त्याचा कागद तो मुलाकडून मागवून घेणार होता, म्हणून बाकावरच बसून राहिला. अनिलकुमार उभा राहून ऐकत होता. तीस वर्षं तो या दुकानात येत होता, दिवाळीला, लग्नाकार्याला, आणि टेबलावरच्या त्या कागदांचा गठ्ठा त्याला आज दिसला. किती वर्षं करतेस हे, असं त्यानं विचारलं. पहिल्यापासूनच की, ती म्हणाली, खतं विकायची तर पाणी नको बघायला?

त्यानं माहेनूरचा कागद समोर ठेवून सगळं समजावलं. ती आधी हसली, मला आता कशाला, म्हणाली, मग सदुसष्टचा आकडा ऐकल्यावर हात पदराला पुसून लॅपटॉपसमोर बसली. नाव विचारलं तिथं तिनं अक्षता प्रभु हिप्परगी असं लिहिलं. आणखी कुठल्या नावानं लिहीत होता, असंही तिथं विचारलेलं होतं. तिथं तिनं ए. एस. कोनापुरे लिहिलं आणि पडद्यावर तीच यादी उगवली. चोवीस लेख. यातले तुमचे कोणते? त्यानं सांगितलं की वरच्या एकावर खूण कर, बाकी सोडून दे. पण ती सगळे वाचायला लागली. एकेक शीर्षक ओठ हलवत वाचायचं आणि म्हणायचं, "हे तुझं." पुढचं. "हे तुझं." तेवीस वेळा. मधे एक गिऱ्हाईक तणनाशक मागायला आलं, त्याला देऊन परत येऊन तिनं राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तेवीस लेख त्यानं तीस वर्षांत लिहिले होते आणि इतकं लक्ष देऊन ते कुणी वाचलेले त्याला आठवत नव्हते. मग तिनं वरच्या चौकटीत खूण केली आणि आपला लेख उघडला. ते सदुसष्ट कोण आहेत, असं तिनं विचारलं. त्यानं दाखवले. राजस्थानातले काही होते, आंध्रातले होते, एक टोळकं इथिओपियाचं होतं. इथिओपियातल्या कुठल्याशा गावाचं नाव तिनं अक्षरं जुळवून वाचलं आणि तिथंही पोरांचे दात तसलेच असतील, असं पुटपुटली. नंतर चष्मा काढून तिनं डोळे चोळले.

"बरं झालं अण्णा हे दाखवलंस," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझं काम कच्चं होतं. म्हणून तर निवड झाली नाही माझी."

अनिलकुमारला वाटलं की ती चेष्टा करते आहे. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. राखीपौर्णिमेचा तोच शांत चेहरा होता, आणि त्यात काहीही नव्हतं. माफी नव्हती, कारण माफ करायचं काही आहे हेच त्या चेहऱ्याला माहीत नव्हतं. पाकीट तिनं दिलं नव्हतं. आपलं पत्र मोठ्या भावाचं समजून तिनं फक्त ते जिन्यानं वर आणून पोचवलं होतं. तीस वर्षं ज्या गोष्टीवर टेकून तो बसला होता ती खालून निघून गेली. अजूनही उठता आलं असतं. एक वाजून गेला होता, दोनची गाडी होती. तिला तिचा क्रमांक मिळाला होता, तिचा लेख तिच्या नावावर आला होता, ती खूश होती. पण तोंड उघडलं गेलं आणि या वेळी त्यातून निवडलेलं वाक्य आलं नाही.

"तुझी निवड झाली होती. ते पत्र तुझं होतं. आत कुमारी लिहिलेलं होतं."

दुकानातला पंखा फिरत होता. मग, "म्हणजे मी निवडले गेले होते," असं ती म्हणाली, विचारल्यासारखं नव्हे, एखादा अवघड शब्द पहिल्यांदा उच्चारून बघावा तसं. पत्र कुठाय, असं तिनं विचारलं. फाडलं, तो म्हणाला.

"दानेश्वरीला मी काय सांगितलं होतं ठाऊक आहे तुला?" ती म्हणाली. दानेश्वरी तिची मुलगी, गुलबर्ग्याला दिलेली. "बी.एस्सी. झाली तेव्हा तिला पुण्याला जायचं होतं, पुढं शिकायला. मी म्हटलं, आपलं डोकं बेताचं आहे बाई, मामासारखं नाही. मी पण करून बघितलं होतं, मला नाही जमलं. मीच म्हटलं, अण्णा. तिचे बाबा पाठवायला तयार होते."

त्याच्या सगळ्या हिशेबात दानेश्वरी कधी आलीच नव्हती. अक्षतानं तोंडावरून पदर फिरवला, खुर्ची मागं सारली आणि गोदामाच्या दाराकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली, "री, स्वल्प इल्ली बर्री." प्रभु हात झाडत बाहेर आले. साठीचा, कमी बोलणारा माणूस. मेहुण्याला बघून त्यांनी चहा सांगू का असं खुणेनं विचारलं. "चहा नंतर," अक्षता म्हणाली. "अण्णा, मला सांगितलंस ते यांना सांग. पहिल्यापासून सांग." बाकावर गुरप्पा होता. त्याच्याकडं अनिलकुमारची नजर गेलेली तिनं पाहिली, पण गुरप्पाला ऊठ म्हटलं नाही.

पहिल्यांदा ते नकळत तोंडातून निसटलं होतं. आता सांगायचं होतं. संशोधनवृत्ती म्हणजे काय, तिथून सुरुवात करावी लागली. पाकिटावर काय होतं आणि आत काय होतं, वडिलांनी काय अट घातली होती, सरांना कुठलं वाक्य सांगितलं, तेव्हा तुमचं स्थळ ठरलेलं नव्हतं, हे त्यानं प्रभूंच्या तोंडाकडं बघत सांगितलं. एकदा तो म्हणाला की सरांचा गैरसमज झाला, तेव्हा अक्षतानं शांतपणे विचारलं, "झाला का केलास?" केला, तो म्हणाला आणि पुढं सांगत राहिला. संपलं तेव्हा प्रभु गोणीवर हात ठेवून उभे होते. बायकोकडं वळून कन्नडमध्ये म्हणाले, "मत्त, नी पास आगिद्दी." म्हणजे तू पास झाली होतीस. त्यावर तिचा चेहरा हलला, एकदाच, आणि तिनं मान खाली घातली. मग तिनं मोबाइल उचलला आणि मुलीला फोन लावला. दानेश्वरीनं उचलला नाही, स्वयंपाकात असेल. अक्षतानं मोबाइल टेबलावर पालथा न ठेवता हाताशी उताणा ठेवला, म्हणजे परत आला की दिसेल.

गुरप्पाचा मुलगा मोटारसायकलवरून दुसऱ्या बोअरचा कागद देऊन निघूनही गेला होता. गुरप्पानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कागदाची घडी उलगडली, तळव्यानं सपाट केली आणि टेबलावर सरकवली. "बाई," तो म्हणाला, "आता हे पाणी तेवडं बगा की." अक्षतानं चष्मा लावला. आकड्यांवरून तिचं बोट हळूहळू खाली यायला लागलं, एका ओळीवर थांबलं, परत वर गेलं. अनिलकुमार टेबलाच्या अलीकडं उभा होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. ती वाचत होती, आणि प्रभु आणि गुरप्पा ती काय सांगते याची वाट बघत होते.